छोट्या सॉफ्टवेअरबद्दलची मतं कशी वाचावीत, कशी पारखावीत आणि आपलं मत कसं लिहावं

सेंट्रीफ्यूज म्हणजे नळ्या वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवणारं यंत्र. त्याच्या रोटरवर, म्हणजे फिरणाऱ्या भागावर, त्रिज्या छापलेली होती: १०० मिलिमीटर. मला हवं होतं १००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या हजार पट बळ. ब्राउझरमध्ये बसणारं एक छोटं कॅल्क्युलेटर मी आदल्याच दिवशी घेतलं होतं. पाचपैकी जवळजवळ पाच स्टार, खाली "मस्त", "खूप उपयोगी", "रोज वापरतो". मी १०० टाकले, १००० टाकले, उत्तर आलं मिनिटाला ९४६ फेरे. दहा मिनिटांनी नळी बाहेर काढली तर तळाशी काहीच बसलेलं नाही, सगळं जसंच्या तसं गढूळ. त्या कॅल्क्युलेटरला त्रिज्या सेंटीमीटरमध्ये हवी होती आणि चौकटीजवळ तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. खरं उत्तर होतं सुमारे २९९०. नळीला मिळालं ते हव्या बळाच्या एक दशांश.

संध्याकाळी मतं पुन्हा उघडली. बरंच खाली एक तीन स्टारचं मत होतं: "त्रिज्या सेंमीत घेतं, पण सांगत नाही. बाकी हिशेब बरोबर." मला हवं होतं ते सगळं त्या एका ओळीत होतं. तेव्हापासून मी मतं वेगळ्या पद्धतीने वाचते. ती पद्धत इथे क्रमाने सांगते.

आधी आपलं काम एका वाक्यात लिहा

मतं उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा: "मला अमुक मशीनवर, अमुक प्रकारच्या फाइलमधून, अमुक उत्तर हवं आहे." उदाहरणार्थ, "विंडोजवरच्या फायरफॉक्समध्ये उघडलेल्या शोधनिबंधाचा संदर्भ एका क्लिकमध्ये साठवायचा आहे." हे वाक्य समोर नसेल तर दुसऱ्याच्या गरजेचं कौतुक वाचून आपण साधन घेऊन बसतो. संदर्भ साठवणाऱ्या झोटेरोबद्दल कोणी "भारी" म्हणतं, कोणी "जड वाटतं" म्हणतं. दोघंही खरं बोलत असतात. एकाला शेकडो संदर्भांची यादी सांभाळायची असते, दुसऱ्याला फक्त चार दुवे जपून ठेवायचे असतात.

स्टार सोडा, मधली मतं गाठा

मतं नव्यापासून जुन्याकडे लावून घ्या आणि दोन, तीन, चार स्टारची मतं आधी वाचा. खूप खूश झालेला आणि खूप चिडलेला माणूस लगेच लिहितो. मधला माणूस लिहितो तेव्हा बहुतेक वेळा त्याने साधन खरोखर वापरलेलं असतं आणि काय जमलं, काय अडलं हे दोन्ही तो सांगतो.

प्रत्येक मताला मी चार प्रश्न विचारते. काम कोणतं होतं? मशीन आणि ब्राउझर कोणता? आवृत्ती कोणती? किती दिवस वापरलं? "एकदम बकवास, चालतच नाही" या मताला चारपैकी एकाचंही उत्तर देता येत नाही. "कालच्या अपडेटनंतर मॅकवर दोनशे पानांपेक्षा मोठी पीडीएफ उघडली की टॅब अडकतो, आधी असं होत नव्हतं" हे मत मात्र बहुतेक उत्तरं देतं. ते तक्रारीचं असलं तरी सोन्यासारखं आहे, कारण तुम्ही मोठ्या पीडीएफ उघडत नसाल तर तुम्हाला ती अडचण येणारच नाही, हेही त्यातून कळतं.

तक्रार नेमकी कशाबद्दल आहे तेही बघा. सूक्ष्मदर्शकातली चित्रं मोजायला प्रयोगशाळांमध्ये इमेजजे वापरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये वेन रॅसबँड यांनी ते १९९७ मध्ये लोकांपुढे आणलं. फिजी म्हणजे तेच इमेजजे, बरेचसे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, आधीच जोडून दिलेलं. "इमेजजे बंद पडतं" अशी तक्रार नीट वाचली की अनेकदा दोष एखाद्या प्लगइनचा किंवा कमी दिलेल्या मेमरीचा निघतो.

ब्राउझरचं साधन: मालक आणि परवानगी

इथे जरा थांबून वाचा, कारण मतांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेलं छोटं साधन, विकलं जातं, नव्या मालकाकडे जातं आणि जुनी चांगली मतं मात्र तशीच चिकटून राहतात. द ग्रेट सस्पेंडर हे न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारं क्रोमचं लाडकं एक्स्टेंशन होतं, वीस लाखांहून अधिक लोकांचं. २०२० मध्ये ते नव्या हातांत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते काढून टाकलं आणि लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं. संकेतस्थळांचं रूप बदलून देणाऱ्या स्टायलिशचंही तसंच झालं. वापरणाऱ्यांनी कोणती पानं पाहिली याचा इतिहास ते गोळा करत असल्याचं उघड झाल्यावर २०१८ मध्ये फायरफॉक्सने आणि क्रोमने ते हटवलं. दोन्हींच्या जुन्या मतांत कौतुकच होतं, आणि ते लिहिलं गेलं तेव्हा खरंही होतं.

म्हणून तीन गोष्टी करा. शेवटच्या तीन महिन्यांतली मतं वेगळी वाचा, त्यात "मालक बदलला", "नवी परवानगी मागतंय", "जाहिराती दिसायला लागल्या" असे शब्द शोधा. परवानग्यांची यादी उघडा. फक्त पानाचा रंग गडद करणाऱ्या साधनाला सगळ्या पानांवर हात लागतो, हे समजण्यासारखं आहे. पण युनिट बदलून देणाऱ्या कॅल्क्युलेटरला तुमचा ब्राउझिंगचा इतिहास कशाला हवा? आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. यूब्लॉक आणि यूब्लॉक ओरिजिन ही जाहिराती अडवणारी दोन वेगवेगळी एक्स्टेंशन आहेत. मूळ लेखक रेमंड हिल यांनी पुढे चालवलं ते ओरिजिन. एकाची मतं वाचून दुसरं बसवणारे खूप जण असतात.

प्रयोगशाळेचं साधन: उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारा

दुसऱ्याचं मत तुम्हाला साधनापर्यंत आणतं. त्यापुढे तुमचा डेटा देण्याआधी साधनाला असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे.

सांख्यिकीच्या साधनाला १, २, ३ हे आकडे द्या आणि प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत ते, विचारा. उत्तर १ आलं तर ते नमुन्याचं सूत्र वापरतं, ०.८१६ आलं तर संपूर्ण समूहाचं. मग प्रत्येक आकड्यात एक अब्ज मिळवा: १,००,००,००,००१ आणि पुढचे दोन. उत्तर अजिबात बदलता कामा नये, कारण आकड्यांमधलं अंतर तेच आहे. वर्गांच्या बेरजेतून थेट वजाबाकी करणारं कच्चं साधन इथे शून्य किंवा भलताच आकडा देतं. या परीक्षेला एक मिनिट लागतं.

द्रावणाच्या कॅल्क्युलेटरला कॉपर सल्फेट द्या. ०.१ मोलर तीव्रतेचं, १०० मिलिलिटर द्रावण. बाटलीतलं निळं मोरचूद घ्यायचं तर २.४९७ ग्रॅम लागतं, कारण त्यात पाण्याचे पाच रेणू धरलेले असतात. बिनपाण्याचं पांढरं कॉपर सल्फेट असेल तर १.५९६ ग्रॅम. साधन "कोणतं?" असं विचारत नसेल तर ते काय गृहीत धरतं हे शोधा आणि त्याला रेणुभार स्वतः लिहून द्या. सेंट्रीफ्यूजच्या कॅल्क्युलेटरला १० सेंटीमीटर आणि ३००० फेरे द्या, १००६ जी आलं पाहिजे. चित्रं मोजणाऱ्या साधनाला स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या मोजपट्टीचा, फोटो द्या. १ मिलिमीटरचे १०० भाग असलेली पट्टी असेल तर दोन रेघांमधलं अंतर १० मायक्रोमीटर.

तक्ते आत-बाहेर नेणाऱ्या साधनासाठी माझ्याकडे पाच ओळींची एक फाइल कायम तयार असते. त्यात "सेप्ट२" आणि "मार्च१" ही जनुकांची जुनी नावं इंग्रजीत लिहिलेली आहेत. स्प्रेडशीट त्यांना तारखा समजून बदलून टाकते. २०१६ मध्ये झालेल्या पडताळणीत, एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत असे बिघाड सापडले होते. शेवटी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलली. पण जुन्या याद्या अजून फिरतात, म्हणून माझी फाइलही जागेवर आहे.

मतं एकमेकांशी भांडत असतील तर

अशा वेळी साधन सोडून देऊ नका, भांडणाचं कारण शोधा. प्रायमर म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा; त्याचं वितळण्याचं तापमान काढणाऱ्या साधनांखाली "चुकीचं तापमान देतं" अशा तक्रारी नेहमी दिसतात. वीस बेसचा, म्हणजे वीस अक्षरांचा प्रायमर, त्यात दहा अक्षरं जी किंवा सी, तर साध्या ढोबळ सूत्राने तापमान येतं ६० अंश. दुसरं साधन क्षारांचं आणि प्रायमरचं प्रमाण धरतं, त्यामुळे त्याचा आकडा काही अंशांनी वेगळा येतो. तक्रार करणाऱ्याने सूत्र कोणतं हे पाहिलेलंच नसतं.

कधी मात्र भांडणामागे खरा दोष असतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एनएमआरचे (रेणूंची रचना ओळखण्याच्या तंत्राचे) आकडे काढणाऱ्या पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगवेगळी उत्तरं देतात, हे हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं. फाइल ठरावीक क्रमाने मिळतील असं स्क्रिप्टमध्ये गृहीत धरलं होतं आणि तो क्रम प्रत्येक सिस्टिमवर तसाच असेल याची खात्री नव्हती. "माझ्याकडे बरोबर चालतं" आणि "माझ्याकडे आकडा वेगळा येतो" ही दोन्ही मतं एकाच वेळी खरी होती. म्हणूनच मशीनचं नाव नसलेलं मत मी अर्धंच धरते.

मग आठवडाभर वापरा आणि स्वतः लिहा

ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल उघडून त्यात साधन बसवा, जुनं साधन आठवडाभर काढू नका, आणि दोन्हींची उत्तरं शेजारी-शेजारी लिहीत जा.

आठ दिवसांनी मत लिहायला बसा. काम, मशीन, आवृत्ती, काय तपासलं आणि काय अडलं, या क्रमाने. विशेषणं नंतर. त्या कॅल्क्युलेटरखाली मी शेवटी हे लिहिलं:

"विंडोज, फायरफॉक्स. फेरे आणि जी यांच्या रूपांतरासाठी आठ दिवस वापरलं. १० सेंमी, ३००० फेरे दिल्यावर १००६ जी, बरोबर. त्रिज्येची चौकट सेंटीमीटरमध्ये आहे पण एकक लिहिलेलं नाही; रोटरवर मिलिमीटर छापलेले असतील तर दहाने भागून टाका, नाहीतर बळ दहा पट कमी पडतं. चौकटीशेजारी 'सेंमी' लिहावं ही विनंती. तीन स्टार."

दोन आठवड्यांनी अपडेट आलं आणि चौकटीशेजारी "सेंमी" दिसू लागलं. मी त्याच दिवशी माझं मत उघडून नव्या आवृत्तीचा आकडा घातला, विनंतीचं वाक्य काढलं आणि पाच स्टार केले.