उबंटूतून विंडोजच्या फाइल्स: आधी करायची तयारी

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू (लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टिम) असतील आणि विंडोजच्या फाइल्स उबंटूतून उघडायच्या असतील, तर त्याची तयारी बरीचशी विंडोजमध्ये बसूनच उरकावी लागते.

पहिलं काम फास्ट स्टार्टअप, म्हणजे विंडोज लवकर सुरू करणारी सोय, बंद करण्याचं. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) अवस्था हायबरनेशनच्या, म्हणजे चालू स्थिती साठवून ठेवणाऱ्या, फाइलमध्ये लिहिली जाते आणि सी ड्राइव्ह अर्धवट उघडा राहतो. मग उबंटू तो ड्राइव्ह फक्त वाचायला देतं, नाहीतर 'राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक' असं बजावून मोकळं होतं. डिस्क गेली म्हणून घाबरायचं कारण नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणांच्या पानावर, आधी 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' दाबा, तेव्हा कुठे फास्ट स्टार्टअपची टिकखूण काढता येते. एकदाच काम असेल तर शिफ्ट धरून शट डाउन केलं तरी भागतं. तरीही तक्रार आली तर विंडोजमधून चेकडिस्क हे डिस्क तपासणारं साधन चालवा. उबंटूतलं एनटीएफएसफिक्स जुजबी डागडुजी करतं, खरी दुरुस्ती नाही. आणि जबरदस्तीने माउंट करणं (ड्राइव्ह सिस्टिमला जोडणं) म्हणजे डेटा पणाला लावणं.

दुसरं बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा न विचारताच चालू असतं. ते उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणात घ्या. त्याच ड्राइव्हवर ठेवून काय उपयोग? उबंटूत ती मधल्या सातही आडव्या रेघांसकट टाकायची.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतल्या ढगाची खूण असलेल्या फाइल्स डिस्कवर नसतातच. हव्या त्या फोल्डरवर 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून डाउनलोड पुरा होऊ द्या.

आता उबंटू. डिस्क्स ॲपमध्ये डिस्कची विभाजनं बघा. एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल पद्धतीची) दोन दिसली तर लहान, काही शे एमबीचं, ते रिकव्हरीचं. त्याला हात लावू नका. मोठं उघडा. दरवेळी आपोआप जोडायचं असेल तर एफएसटॅब या ड्राइव्हच्या यादीच्या फाइलमध्ये त्या विभाजनाचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहा आणि 'नोफेल' हा पर्याय विसरू नका, नाहीतर ड्राइव्ह न सापडल्यास मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. फाइलच्या नावात विसर्गचिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह टाकू नका, विंडोजला ती फाइल उघडता येत नाही.

उलट दिशेने, म्हणजे विंडोजमधून उबंटूच्या फाइल्स बघायला, सोय तोकडीच. विंडोज स्वतःहून ईएक्सटी४ (उबंटूची फाइल पद्धत) वाचत नाही. 'फॉरमॅट करू का' विचारलं तर कॅन्सलच दाबा. डब्ल्यूएसएलचं (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याच्या सोयीचं) माउंट अख्खी डिस्क मागतं, त्यामुळे दोन्ही सिस्टिम एकाच डिस्कवर असतील तर ते चालत नाही. त्यापेक्षा दोघांसाठी एनटीएफएसचं वेगळं विभाजन ठेवलेलं बरं. एक्सफॅट ही फाइल पद्धतही चालेल, पण त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) नाही; वीज गेली की धोका जास्त.

शेवटी घड्याळ. उबंटूनंतर विंडोज साडेपाच तास मागे दिसत असेल, तर फाइल्सच्या तारखाही चुकीच्या पडतील. टाइमडेटसीटीएल या कमांडने उबंटूला हार्डवेअर घड्याळात (लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात) स्थानिक वेळ ठेवायला सांगा.