छोट्या गावचं पोलीस ठाणं चालवताना या चुका टाळा

"मुद्देमालाची चावी हवालदारांकडे आहे, ते रजेवर आहेत." चार्ज घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात हे ऐकू आलं की समजावं, ठाणं एका माणसाच्या आठवणीवर चाललंय. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-न प्रमाणे ठाण्यातल्या अधिकाऱ्याचा कार्यकाळ साधारण 2 वर्षांचा, अंमलदाराचा (शिपाई, हवालदार वगैरेंचा) 5 वर्षांचा. त्यामुळे साताऱ्यासारख्या जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी साहेबांपेक्षा जुन्या हवालदारांनाच ठाणं जास्त ठाऊक असतं. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना ठाऊक असलेलं कागदावर न उतरवणं, ही चूक मात्र साहेबांची.

सर्वात महाग पडते ती मुद्देमालाची, म्हणजे गुन्ह्यांत जप्त केलेल्या वस्तूंची हेळसांड. चार्ज घेताना हत्यारं मोजली जातात, पण मुद्देमाल रजिस्टरवर नुसती सही होते. रजिस्टर समोर ठेवून एकेक पार्सल लेबलशी ताडून बघा. दोन दिवस जातील, जाऊ द्या. आवारात गंजणाऱ्या मोटारसायकलींसाठी कोर्टाला बोल लावण्याआधी आपला रिपोर्ट गेलाय का ते पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम 497 नुसार मुद्देमाल हजर केल्यावर 14 दिवसांत कोर्टाने त्याचं वर्णनपत्र करायचं, फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा आणि त्यानंतर 30 दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. आपण मागितलंच नाही तर गाडी तिथेच सडणार. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आता याच संहितेच्या कलम 105 नुसार सक्तीचं आहे. ते अंमलदाराच्या मोबाईलमध्ये लग्नाच्या फोटोंशेजारी पडून राहू देऊ नका. त्याच दिवशी ई-साक्ष्य या पुरावे नोंदवायच्या सरकारी अ‍ॅपवर चढवून घ्या.

बंदोबस्ताचा आदेश म्हणजे गेल्या वर्षीच्या फाईलमधली नावं बदलणं नव्हे. 25 जानेवारी 2005 ला मांढरदेवच्या यात्रेत चेंगराचेंगरीत सुमारे 300 भाविक गेले, तो याच जिल्ह्यातला डोंगर. बावधनचं बगाड असो, पुसेगावचा रथ असो की लोणंदची पालखी, बंदोबस्त सुटला की दुसऱ्याच दिवशी पॉइंटवरच्या अंमलदारांना विचारून घ्या: गर्दी कुठे तुंबली, वायरलेस कुठे लागला नाही, रुग्णवाहिका कुठे अडली. महिनाभराने विचारलं तर "सगळं शांततेत पार पडलं" एवढंच हाती लागतं.

ड्युटी वाटताना कामाच्या माणसावरच सगळं टाकायचं, ही सवय सगळीकडेच. तोच समन्स बजावतो, तोच तपासाचं टायपिंग करतो, साप्ताहिक सुट्टीही त्याचीच बुडते. हजेरी मेजरांना (ड्युटी वाटणाऱ्या हवालदारांना) सुट्ट्यांचा तक्ता भिंतीवर लावायला सांगा. कुणाची किती वेळा बुडली, ते सगळ्यांना दिसू द्या.

आणि "आधी अर्ज द्या, बघू." गावात सगळे ओळखीचे, त्यात पुढाऱ्यांचा फोन येतो, मग दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची) तक्रार अर्ज चौकशीत जिरते. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय, दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करावीच लागते. नव्या संहितेत 14 दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण ती 3 वर्षे किंवा अधिक, मात्र 7 वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, तीही उपअधीक्षकांच्या परवानगीने. तेव्हा ठाणे अंमलदारांकडचा अर्जांचा गठ्ठा दर सोमवारी स्वतः चाळा. परवानगीचा कागद नसलेला दखलपात्र अर्ज सापडला, तर त्याच दिवशी गुन्हा दाखल करून घ्या.