चिलटांच्या दोन गटांत प्रजननाचा अडसर आलाय का, हे कसं तपासाल?

जीवशास्त्रज्ञ डायान डॉड यांनी चिलटांच्या एका प्रजातीचे, ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युराचे काही गट स्टार्चवर, काही माल्टोज साखरेवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवले. पुढे एकत्र सोडल्यावर माश्यांनी जोडीदार जास्त करून आपल्याच खाद्यगटातला निवडला (१९८९). नवी प्रजाती घडायची सुरुवात अशीही होऊ शकते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ड्रोसोफिला मेलानोगास्टर या नेहमीच्या चिलटावर हीच चाचणी करता येते.

चाचणीआधी दोन्ही गट निदान एक पिढी, शक्यतो दोन, एकाच खाद्यावर आणि सारख्याच गर्दीत वाढवा. हे टाळलंत तर दिसणारा फरक आनुवंशिक की नुसता खाण्याचा, हे कधीच कळणार नाही. खाद्य: १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा आणि १० ग्रॅम अगर शिजवा. थोडं निवल्यावर ७.५ मिली प्रोपिऑनिक अ‍ॅसिड घाला. उकळत्यात घातलं तर ते उडून जातं आणि बुरशी येते.

खरी मेहनत कुमारी माद्या गोळा करण्यात आहे. सकाळी व्हायलमधल्या (माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीतल्या) सगळ्या माश्या काढून टाका आणि २५ अंश सेल्सिअसला पुढच्या ६ ते ८ तासांत बाहेर पडणाऱ्या माद्याच घ्या. ताजी मादी फिकट असते, पोटात गडद ठिपका दिसतो. शंका आली की ती मादी बाद. नर-माद्या वेगळ्या ठेवून ३ ते ५ दिवसांच्या होऊ द्या. आदल्या दिवशी एका गटाला खाण्याचा रंग घातलेलं खाद्य द्या, म्हणजे पोटावरून गट ओळखता येतो. पुढच्या फेरीत रंग दुसऱ्या गटाला, नाहीतर रंगाचा परिणाम गटाच्या नावावर जमा होतो.

प्रत्येक गटाचे १५ नर, १५ माद्या सकाळी एका डब्यात सोडा, गुंगीचं ईथर न देता, माश्या ओढून घ्यायच्या नळीने म्हणजे अ‍ॅस्पिरेटरनेच. जुळलेली जोडी लगेच बाहेर काढून नोंदवा. निम्म्या माद्या जुळल्या की थांबा, कारण पुढे निवडीला वावच उरत नाही.

निर्देशांक = (स्वगटातल्या जोड्या − मिश्र जोड्या) ÷ एकूण जोड्या. सगळ्या फेऱ्या मिळून ३० स्वगटातल्या आणि १० मिश्र आल्या तर ०.५. शून्य म्हणजे निवडच नाही. प्रमाण त्रुटी = √((१ − निर्देशांक²) ÷ एकूण जोड्या), इथे सुमारे ०.१४. निर्देशांक त्याच्या तिपटीहून मोठा आहे, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही.

मिश्र जोड्यांची किती अंडी फुटतात तेही मोजा, आणि दोन्ही दिशांनी: मादी एका गटाची व नर दुसऱ्याचा, मग उलट. उदाहरणार्थ, मेलानोगास्टर मादी व तिच्या जवळच्या सिम्युलन्स प्रजातीचा नर यांच्या संकरात फक्त मुली जगतात, त्याही वांझ. उलट संकरात बहुतेक मुलगेच. एकाच दिशेची अंडी मरत असतील तर आधी वोल्बाकिया जिवाणूचा संशय घ्या: बाधित नर आणि निरोगी मादी यांची अंडी फुटत नाहीत किंवा कमी फुटतात. दोन पिढ्या खाद्यात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक, मग दोन पिढ्या साधं खाद्य, आणि पुन्हा तोच संकर. आता अंडी नीट फुटली तर अडसर जिवाणूचा होता, माश्यांच्या जनुकांचा नव्हे.