गाठीचं हायपरबोलिक घनफळ काढताना या चुका टाळा

रविवारी पाषाणला आमच्याकडे एमएस्सीची चार-पाच मुलं टोपॉलॉजी वाचायला बसतात. वहीइतकीच सुतळीही लागते. बॅच बदलते, पण अडखळण्याच्या जागा त्याच राहतात. इथे गाठ म्हणजे दोन्ही टोकं जोडून बंद केलेली सुतळी, आणि तिचं घनफळ म्हणजे तिच्याभोवती उरलेल्या अवकाशाचं.

पहिली अडचण अशी: “टोपॉलॉजीत वस्तू हवी तशी ताणता येते, मग घनफळ ठरलेलं कसं?” इथे एक अट निसटलेली असते. वक्रता सगळीकडे −१ हवी, म्हणजे अवकाश सर्वत्र खोगिरासारखं सारखंच वाकलेलं; यालाच हायपरबोलिक म्हणतात. अशी भूमिती दोन भोकांच्या वड्यासारख्या पृष्ठभागावर असंख्य प्रकारे बसते. क्षेत्रफळ मात्र गाउस-बॉने प्रमेयामुळे नेहमी ४π. त्रिमितीत तर आकारालाही मोकळीक उरत नाही. घनफळ सांत असेल, म्हणजे अनंत नसेल, तर भूमिती एकच. बंदिस्त मॅनिफोल्डसाठी (मॅनिफोल्ड म्हणजे जवळून पाहिलं तर साध्या अवकाशासारखं दिसणारं अवकाश) हे १९६८ मध्ये मॉस्टो यांनी दाखवलं, आणि टोकं अनंतापर्यंत जाणाऱ्यांसाठी १९७३ मध्ये आपल्या गोपाल प्रसाद यांनी. म्हणून गाठीभोवतीच्या अवकाशाचं घनफळ हा त्या गाठीचाच गुण ठरतो.

दुसरी चूक सगळ्यांत हट्टी: क्रॉसिंग (आकृतीत सुतळी स्वतःवरून जाते त्या जागा) वाढली की घनफळ त्याच प्रमाणात वाढणार. सुतळी घ्या, मध्ये पीळ द्या, टोकं एकमेकांत अडकवून जोडा. चार क्रॉसिंगची आठाकृती गाठ मिळाली, तर घनफळ २.०२९८. पीळ एकेका क्रॉसिंगने वाढवत जा: २.८२८१, ३.१६३९, ३.३३१७. वाढ दर वेळी कमी होत जाते, आणि हजार पीळ दिले तरी ३.६६३८ ओलांडता येत नाही. हा आकडा व्हाइटहेड लिंकचा, म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या दोन बंद सुतळ्यांचा. पिळाभोवती एक कडी घातली की ती लिंक मिळते, आणि त्या कडीची पोकळी पुन्हा भरली की आपली गाठ. थर्स्टन यांच्या प्रमेयानुसार असं भरल्यावर घनफळ नेहमी घटतं. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मुलांच्या हातात सुतळी असताना तो सांगायला मिळतो याचा आनंद वेगळाच.

मग मोजायचं काय? क्रॉसिंग आळीपाळीने वर-खाली जात असतील, तर पिळांचे गट मोजा; एकाच पिळात ओळीने येणारी क्रॉसिंग म्हणजे एक गट. आकृती आधी नीट आवरून घेतलेली हवी. लॅकनबी यांनी २००४ मध्ये दाखवलं, की घनफळ या संख्येमुळे वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी बांधलेलं असतं.

घनफळ जुळलं म्हणून गाठ एकच, असंही धरू नका. वरच्या यादीतल्या पाच क्रॉसिंगच्या गाठीचं २.८२८१ हेच घनफळ (−२, ३, ७) प्रेट्झेल गाठीचंही आहे (शेजारी-शेजारी तीन पीळ, २, ३ आणि ७ क्रॉसिंगचे; उणे म्हणजे उलटा पीळ), आणि तिला बारा क्रॉसिंग लागतात. एका घनफळाच्या मॅनिफोल्डची संख्या सांतच असते, एवढीच हमी आहे.

स्नॅपी हा संगणक-प्रोग्रॅम अवकाशाचे चतुष्फलकांत तुकडे करून घनफळ काढतो. त्याने आकडा दिला की लगेच उतरवून घेऊ नका. आधी सगळी चतुष्फलकं धन दिशेची आहेत का, म्हणजे एकही उलटं किंवा चपटं झालेलं नाही ना, ते पाहा. नसतील तर नव्याने विभागणी करा. तीन क्रॉसिंगच्या त्रिपर्णी गाठीवर काहीही केलं तरी सगळी चतुष्फलकं धन दिशेची होणार नाहीत, कारण ती गाठ हायपरबोलिक नाहीच.

आणि २.०२९८ ला ‘सर्वांत लहान’ म्हणताना थांबा. काओ आणि मायरहॉफ यांचा २००१ चा निकाल अनंतापर्यंत टोकं जाणाऱ्या, दिशायोग्य (कुठेही फिरून आलं तरी डावं-उजवं उलटत नाही अशा) मॅनिफोल्डपुरता आहे. बंदिस्त, दिशायोग्य मॅनिफोल्डमध्ये सर्वांत लहान वीक्स मॅनिफोल्ड, घनफळ ०.९४२७. हे गाबाई, मायरहॉफ आणि मिली यांनी २००९ मध्ये सिद्ध केलं. तोही त्याच व्हाइटहेड लिंकच्या दोन्ही पोकळ्या भरून मिळतो.