सहा विद्यार्थी, एक शिक्षक आणि माझे आठ महिने

बीजगणिताच्या अध्यापनावर पीएच.डी. करायचीय म्हणून दर जुलैत कुणीतरी मला गाठतं. बहुतेक जण शाळेत गणित शिकवणारे, एम.एड. झालेले, आणि विषय खिशात तयार: ‘आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी बीजगणित अध्ययन कार्यक्रमाची निर्मिती व परिणामकारकता’. मीही हेच घेऊन गेले होते. गाईडबाईंनी शीर्षक वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “जिल्ह्याचं नाव घालायचं राहिलं का?”

तेव्हा राग आला. आता पटतं. एका वर्गाला वीस तास जास्तीचे शिकवायचे, दुसऱ्याला काहीच द्यायचं नाही, शेवटी टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावायची. कार्यक्रम ‘परिणामकारक’ निघणार नाही तर काय होणार? शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, असे प्रबंध शोधा, दुपारभर पुरतील. मुलाला ‘क्ष’ म्हणजे काय वाटतं, हे त्यातल्या किती जणांनी विचारलंय तेवढं बघा.

वाचायचं कुठून, हा पुढचा प्रश्न. बडोद्यात आपली एक सोय आहे. भारतातल्या शिक्षणसंशोधनाचा पहिला मोठा आढावा 1974 मध्ये इथूनच निघाला, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ‘केस’ या शिक्षणशास्त्राच्या प्रगत अभ्यास केंद्रातून, एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली. जाडजूड आहे, पण चाळा. मग मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सुरुवातीच्या बीजगणितावर केलेलं काम वाचा. आपल्याकडची मुलं पदावलीकडे कशी बघतात, ते त्यात आहे. परदेशी कामात डीटमार कुशेमान चुकवू नका. इंग्लंडमधल्या मुलांच्या उत्तरांवरून त्यांनी अक्षराचे सहा अर्थ वेगळे काढले. कुणी अक्षराकडे दुर्लक्ष करतं, कुणी त्याला सरळ आकडा देऊन टाकतं, कुणाला ते अक्षर म्हणजे वस्तूच वाटते. क + ख = 8, तर क + ख + ग = किती, असं आपल्या वर्गात विचारून बघा. 12 येईल, 15 येईल, ‘8ग’ येईल. प्रत्येकामागे काहीतरी डोकं चाललेलं असतं.

हे सगळे वाचतात. मी फसले ते याच्या पुढे, आणि तेच सविस्तर सांगायचंय.

जॉन क्लेमेंट यांचा 1982 चा प्रसिद्ध प्रश्न तुम्हाला माहीत असेलच. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, समीकरण लिहा. (बरोबर उत्तर: विद्यार्थी = 6 × प्राध्यापक.) अमेरिकेतल्या पहिल्या वर्षाच्या 150 इंजिनिअरिंग विद्यार्थ्यांपैकी 37 टक्के चुकले, आणि चुकलेल्यांतल्या बहुतेकांनी समीकरण उलटं लिहिलं: सहाचा आकडा विद्यार्थ्यांना चिकटवला. मी ठरवलं, हाच प्रश्न बडोद्यात मराठी आणि गुजराती माध्यमाच्या आठवीला द्यायचा. प्राध्यापकांच्या जागी शिक्षक. मराठी वाक्य मी केलं: ‘विद्यार्थ्यांची संख्या शिक्षकांच्या सहापट आहे.’ गुजराती एका मैत्रिणीने करून दिलं: ‘शिक्षको करतां छ गणा विद्यार्थीओ छे.’ दोन्ही शुद्ध, दोन्हींचा अर्थ एक. तिसऱ्या व्यक्तीकडून परत मूळ भाषेत उलटं भाषांतर करून घेतलं, तंतोतंत जुळलं. पाच तज्ज्ञांच्या सह्या झाल्या.

निकाल लागला तर मराठी वर्ग कितीतरी पुढे. मी हुरळले. मातृभाषेतल्या शिक्षणावर दोन पानं लिहिली, सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेही त्यात आणून बसवलं. (गुजराती मुलंही मातृभाषेतच शिकत होती, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. हुरळलेल्या माणसाला ते येत नाही.)

चूक पकडली ती शाळेतल्या गुजराती विषयाच्या एका बेननी. गणिताचा आणि त्यांचा दहावीनंतर संबंध नाही. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, “तुमच्यात विद्यार्थी पहिले, आमच्यात शिक्षक पहिले. असं का?”

आता सावकाश बघा. मूळ इंग्रजी वाक्यात शब्द येतात ते असे: सहा, विद्यार्थी, प्राध्यापक. डावीकडून उजवीकडे जसेच्या तसे उतरवले की समीकरण चुकतं, 6वि = शि (वि म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, शि म्हणजे शिक्षकांची). क्लेमेंट यांना चुकीची जी दोन कारणं दिसली, त्यांतलं एक हेच. माझ्या मराठी वाक्यात क्रम आहे विद्यार्थी, शिक्षक, सहा. डोकं न चालवता उतरवलं तरी वि = शि × 6, बरोबर! गुजरातीत क्रम शिक्षक, सहा, विद्यार्थी. न विचार करता उतरवलं की शि = 6वि, म्हणजे तेच उलटं समीकरण. मराठी मुलांना माझ्या वाक्याने फुकट मार्क दिले होते आणि गुजराती मुलांना खड्ड्यात ढकललं होतं. मी मोजलं ते बीजगणित नव्हतं, वाक्यरचना होती.

उलट्या भाषांतराने हे पकडता येत नाही, कारण ते अर्थ तपासतं आणि अर्थ तर ठीकच होता. तज्ज्ञांनाही दिसत नाही, कारण त्यांना उत्तर माहीत असतं, ते क्रमाकडे बघत नाहीत. म्हणून माझं ठाम मत झालंय: चाचणी तयार झाली की आधी भाषेच्या शिक्षकाला दाखवा, गणितवाल्यांच्या सह्या नंतर घ्या. प्रत्येक भाषेत दोन्ही क्रमांची वाक्यं करा, अर्ध्या वर्गाला एक, अर्ध्याला दुसरं.

या सगळ्यात आठ महिने गेले. तोवर ती मुलं नववीत गेली होती.

पण क्लेमेंट यांचं दुसरं कारण याहून खोल आहे, आणि ते मला लेखी चाचणीत कधीच सापडलं नसतं. मराठी वर्गातही एका मुलाने 6वि = शि लिहिलं होतं. वाक्याचा क्रम त्याच्या बाजूने असूनही. त्याला बसवून विचारलं.

“याचा अर्थ काय रे?”

“सहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक.”

“बरं. शिक्षक पाच असले तर विद्यार्थी किती?”

“तीस.” क्षणात.

“मग वि च्या जागी तीस घाल.”

त्याने 6 × 30 = 180 लिहिलं, पलीकडे 5 लिहिले, आणि माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच गोंधळ केलाय. “मॅडम, हे आकडे घालायला नाहीये. वाचायला आहे.”

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. त्याच्या दृष्टीने वि म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या नव्हतीच, वि म्हणजे ‘विद्यार्थी’ हा शब्द. आणि का नसावं? आपण पहिल्यापासून फळ्यावर लिहितो, 100 सेमी = 1 मी. किराण्याच्या बिलावर रु., कि., ग्रॅ. सगळीकडे पहिलं अक्षर म्हणजे त्या वस्तूचं टोपणनाव. मग एके दिवशी आठवीत सांगतो की आता हे अक्षर संख्या आहे. अक्षर मीच ‘वि’ आणि ‘शि’ निवडलं होतं, म्हणजे तिथेही माझाच हात. जुन्या भारतीय बीजगणितात अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत, पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं, आणि लिहिताना त्या नावांची पहिली अक्षरं, मोजायच्या वस्तूचं नाही. नवीन चाचणीत मीही वस्तूंची आद्याक्षरं काढून टाकलीत.

तेव्हा मुलाखती घ्याच. दहा मुलांच्या घेतल्या तरी चालेल, पण घ्या. सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) ‘वेळ मिळाल्यास’ असं लिहिलंत तर तो वेळ कधीच मिळत नाही.

गाईडबद्दल सगळे विचारतात. मोठं नाव असलेल्या गाईडच्या दाराबाहेरचा बाक गुळगुळीत झालेला असतो, एवढंच सांगते. महिन्यातून एकदा तुमची मुलांची उत्तरं स्वतः वाचणारा माणूस मिळाला तर त्याच्या नावामागे किती पेपर आहेत ते मोजू नका. आणि डेटा घेऊन टेबलं करून देणारे जे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. माझ्या एका सोबतिणीला त्यांनी दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत आकडे दिले. व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) तिला ‘चल’ची, म्हणजे व्हेरिएबलची, व्याख्या विचारली तेव्हा त्यांतला एकही तिच्या कामी आला नाही.

धसका घेऊ नका मात्र. आठ महिने गेले म्हणून माझं आकाश कोसळलं नाही. वाया गेलेला डेटा आता माझं तिसरं प्रकरण आहे: वाक्याचा क्रम बदलला की उत्तर कसं बदलतं. आधीच्या विषयापेक्षा बराच बरा. नियमाप्रमाणे सहा वर्षं असतात, माझं पाचवं चालू आहे, आणि रात्री अडीचला छातीत धडधडतं हे खरंय. पण मुलांचे कागद उघडले की थांबतं.

वेळापत्रकाचं तेवढं लक्षात ठेवा. नवरात्रात सकाळच्या शाळेत चाचणी घेऊ नका. रात्रभर गरबा खेळून आलेलं पोर 8 + 4 सुद्धा विचार करून सांगतं. दिवाळीआधी सहामाही असते, तिच्या तोंडावर मुख्याध्यापक उभंही करत नाहीत. माझी नवी चाचणी उत्तरायणानंतरच्या सोमवारी आहे. त्या दिवशी निम्म्या वर्गाच्या बोटांना मांज्याने कापल्याच्या पट्ट्या असतात, अक्षर वेडंवाकडं येतं. म्हणून या वेळी कागदावर उत्तराची जागा मोठी ठेवलीय.