नागपुरात राहून पोटावरची चरबी घटवताना

केवळ पोटाच्या व्यायामाने पोटावरचीच चरबी झडत नाही. ती संपूर्ण शरीरातून हळूहळू घटते आणि त्याची सुरुवात ताटापासून होते. माझ्या मते तर्री-पोहे किंवा सावजी रस्सा कायमचा सोडण्याचा हट्ट टिकत नाही, म्हणून ते क्वचित खावेत, वर तरंगणारे तेल काढून टाकावे, तर्रीतले चणे मात्र आवर्जून खावेत, कारण प्रथिने आणि तंतुमय पदार्थांमुळे पोट अधिक वेळ भरलेले राहते. गोड सरबताऐवजी साधे ताक प्यावे. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा फुटाळा तलावाकडे पहाटेच निघावे. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास डॉक्टरांकडून रक्तातील साखर तपासून घ्यावी.