संगीतविषयक संकेतस्थळ चालवताय? या चुका टाळा

नाट्यपदे आणि भावगीते यांची माहिती देणारे संकेतस्थळ मी बरीच वर्षे चालवतो आहे. नव्याने या उद्योगात पडणारे उत्साही लोक मला हमखास एकच प्रश्न विचारतात: ‘खाली श्रेय दिले की झाले ना?’ तसे होत नाही. श्रेय देणे हे कर्तव्य आहे, पण त्याने परवानगीची गरज संपत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ‘गाणे जुने आहे, म्हणजे मोकळे आहे’ असे गृहीत धरणे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. ‘संगीत सौभद्र’ १८८२ सालचे, अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये निवर्तलेले, तेव्हा पदांवर आता कोणाचा हक्क असणार, अशा हिशेबाने मी घरातल्या एलपीवरून एक पद उतरवून संकेतस्थळावर चढवले. शब्दांपुरता हिशेब बरोबर होता. पण तबकडीच्या गोल लेबलवर वर्तुळातल्या पी या अक्षराशेजारी १९७१ असे बारीक छापलेले होते, ते वाचण्याची तसदी मी घेतली नव्हती. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो, म्हणजे ते मुद्रण २०३१ अखेरपर्यंत कंपनीचेच होते. कंपनीची तक्रार थेट सर्व्हरवाल्यांकडे गेली आणि त्यांनी ते एक पान नव्हे, तर अख्खे संकेतस्थळ बंद केले, तेही गणेशोत्सवात, जेव्हा आमच्याकडे सर्वाधिक वाचक येतात. तेव्हापासून प्रत्येक गाण्यासाठी मी वहीत तीन रकाने आखतो: शब्द कोणाचे, चाल कोणाची, मुद्रण कोणाचे व कोणत्या साली प्रसिद्ध झालेले. एकही रकाना रिकामा असला, तर ध्वनिफीत चढवत नाही. हे काम कंटाळवाणे आहे. ज्यांना आठवड्यात पाचशे गाणी चढवायची घाई असते, त्यांना ते पटत नाही.

दुसरी चूक संपूर्ण गीत छापण्याची. कवीचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो, ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या स्वतंत्र रचना २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ‘सगळीकडे तर आहे’ हा बचाव होऊ शकत नाही. समीक्षा किंवा रसग्रहण करताना गरजेपुरत्या ओळी उद्धृत करण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ व्या कलमात वाव आहे. मी दोन ओळी घेतो आणि त्यांच्याविषयी निदान दोन परिच्छेद लिहितो. दोन परिच्छेद सुचत नसतील, तर ओळीही घेत नाही.

‘तीस सेकंदांपर्यंत चालते’ असा नियम आपल्या कायद्यात कोठेही नाही. मुखपृष्ठे आणि गायकांची छायाचित्रे यांचे हक्क निराळे असतात, आणि मैफलीत तुम्ही स्वतः केलेल्या मुद्रणालाही गायकाची संमती लागते. विकिपीडियावरील मजकूर घेता येतो, मात्र मूळ दुवा व परवान्याचा उल्लेख करून. हयात कलावंतांच्या भांडणांच्या ऐकीव कथा छापू नयेत. बदनामी हा गुन्हाही आहे.

शेवटी, तक्रारीसाठी चालू असलेला ईमेल पत्ता ठळकपणे द्यावा आणि तो रोज उघडावा. मी सकाळच्या चहाबरोबर पाहतो आणि वाद असलेले पान आधी उतरवून मगच उत्तर लिहायला बसतो.